थकवा जात नाही, रिपोर्ट मात्र नॉर्मल: ब्रुसेलोसिसच्या निदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोठा, शेळ्या-मेंढ्या, कच्चं दूध किंवा मटणाचं दुकान यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे आणि ज्यांच्या अंगातला थकवा काही केल्या जात नाही, त्यांच्यासाठी ही उत्तरं लिहिली आहेत. तालुक्याच्या गावी रक्ततपासणीचं काम करताना हे प्रश्न नेहमी कानावर येतात, आणि बहुतेकदा फार उशिरा येतात. डॉक्टरांच्या तपासणीला हा पर्याय नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचं आणि काय विचारायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

महिनोन्‌महिने थकवा आहे आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. आत कुठे तरी इन्फेक्शन लपलेलं असेल का?

असू शकतं, पण शोधाची सुरुवात तिथून करू नका. थकव्याची नेहमीची कारणं साधी असतात: हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड, साखर, बी-१२ ची कमतरता, पाळीत जास्त रक्त जाणं, अपुरी झोप, घोरताना अडकणारा श्वास, मनावरचा भार, नव्याने सुरू झालेली एखादी गोळी. हे आधी बघून घ्या.

संसर्गाचा संशय घ्यायचा तो थकव्याला जोडीदार असेल तेव्हा. संध्याकाळी अंगात कसर येते, रात्री घामाने अंथरूण ओलं होतं, जेवणावरची वासना उडाली आहे, वजन उतरतंय, कंबर किंवा सांधे धरलेत. अशा वेळी आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तच आहे. एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, हृदयाच्या झडपेवर बसलेला जंतू, यकृतातला गळू हेही डॉक्टर डोक्यात ठेवतात. गोठा असलेल्या घरात मात्र आणखी एक नाव घ्यावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं: ब्रुसेलोसिस.

हा काय आजार आहे?

जनावरांची गाभ पाडणारा जीवाणू माणसाच्या अंगात शिरला की होणारा. पशुवैद्यक जनावरांतल्या आजाराला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाई-म्हशींत बहुतेक वेळा ब्रुसेला अबॉर्टस असतो, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस. माणसाला दुसरा जास्त जोरात धरतो.

डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८८७ साली माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू शोधून काढला. तो येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडावं लागलं. थेमिस्टोक्लीस झामित या तिथल्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं आणि बोट शेळीच्या कच्च्या दुधाकडे गेलं. त्या शेळ्या दिसायला अगदी धडधाकट होत्या. आपल्या गोठ्यातही तसंच होतं. जनावर खातं, रवंथ करतं, दूध देतं, आणि त्याच दुधातून जंतूही देतं.

लक्षणं कोणती?

ताप असतो, पण टायफॉइडसारखा ठाम नसतो. काही दिवस येतो, काही दिवस गायब होतो, पुन्हा येतो. पुष्कळांना तो फक्त संध्याकाळी कळतो आणि सकाळी दवाखान्यात थर्मामीटर लावलं की काहीच दिसत नाही. जुनी माणसं याला हाडीताप म्हणून मोकळी होतात. घाम भरपूर, कधी त्याला कुबट वास. कंबर, माकडहाडाच्या वरचा भाग, खुबा, गुडघा दुखतो. पुरुषांत एखाद्या वृषणाला सूज येऊन दुखतं, आणि ही गोष्ट लाजेपोटी डॉक्टरांना सांगितलीच जात नाही. कृपा करून सांगा. निदानाची दिशा त्यावरून बदलू शकते.

आणि थकवा. धार काढायला बसलेला माणूस अर्ध्यावर उठतो, बादली भिंतीशी ठेवतो आणि तिथेच टेकतो. चार पेंढ्या उचलल्या की धाप लागते. झोपून उठलं तरी अंगात त्राण नसतं. मनही उतरतं, चिडचिड होते, कशातच रस वाटत नाही. जंतू अंगात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण १ ते ४ आठवडे जातात, कधी काही महिनेही. त्यामुळे गाय गाभडली ती दिवाळीत आणि ताप आला संक्रांतीनंतर, तर या दोन्हींचा संबंध घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

मग हा आजार साध्या तपासण्यांत का सापडत नाही?

कारण तो लपतो, आणि आपणही त्याला लपायला मदत करतो.

हा जंतू रक्तात मोकळा फार काळ फिरत नाही. जंतू खाऊन टाकणाऱ्या आपल्याच पेशींच्या आत शिरून तो प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा आणि लसिका गाठींमध्ये जगतो. त्यामुळे सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसत नाहीत. त्या नॉर्मल असतात किंवा थोड्या कमीच. हिमोग्लोबिन जरा खाली, अंगातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी जरा वर, यकृताचे एंझाइम किंचित वाढलेले. कागदावर लाल ठसा कुठेच नाही. ‘सगळं ठीक आहे’ असं म्हणायला हा रिपोर्ट पुरेसा वाटतो.

पुढचं आपलं योगदान. ताप आला की गावात विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्तचाचणी, होते. ही चाचणी एकदाच केली तर तिच्यावर फारसं विसंबता येत नाही. पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच आजारातही ती थोडीफार पॉझिटिव्ह दिसते. ‘टायफॉइड निघाला’ म्हणून सलाईन लागतं, पाच-सात दिवस अँटिबायोटिक चालतं. त्या औषधाने जंतू थोडा दबतो, माणसाला आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. वर्षात तीनदा टायफॉइड झाला असं कोणी सांगितलं, की निदान एकदा तरी ब्रुसेलाची तपासणी झालीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टर म्हणाले, हे मनाचं आहे. काय करू?

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. नैराश्याने माणूस गळून जातो, आणि दीर्घ संसर्गानेही मन खचतं. वाद घालत बसण्यापेक्षा पुरावा न्या. दोन आठवडे रोज सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री नऊ वाजता ताप मोजून वहीत लिहा. मोजण्याआधी तापाची गोळी घेतली असेल तर तेही लिहा. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करा. घामाने कपडे बदलावे लागले त्या रात्रीवर खूण करा. ‘मला बरं वाटत नाही’ या वाक्यापुढे डॉक्टर थांबू शकतात. ‘चौदापैकी नऊ संध्याकाळी १००.४ च्या वर’ असं लिहिलेल्या पानापुढे थांबणं अवघड जातं.

मी शेतकरी नाही, शहरात राहतो. मला काय संबंध?

पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध आणि घरी उकळलेलं दूध यांतून धोका नाही. पण गावाकडे सुट्टीत धारोष्ण दूध प्यायलात का? तब्येतीसाठी म्हणून शेळीचं कच्चं दूध घेतलंत का? डेंग्यूच्या दिवसांत पेशी वाढाव्यात म्हणून ते सर्रास दिलं जातं. पेशी त्याने वाढतात याला आधार नाही, ब्रुसेला त्यातून येतो हे मात्र पक्कं आहे. आखाती देशांत कामाला असलेल्यांनी तिथे उंटाचं कच्चं दूध किंवा कच्च्या दुधाचं ताजं चीज खाल्लं असेल तर तेही सांगायचं. बाकी पशुवैद्यक, ड्रेसर, खाटीक, लोकर कातरणारे आणि प्रयोगशाळेत काम करणारे आम्ही लोक, हे सगळे या यादीत येतातच.

आमच्याकडे दूध उकळूनच पितात. तरी होऊ शकतो?

हो, आणि आपल्याकडे हा मार्ग फार महत्त्वाचा आहे.

रात्री गाय अडते. डॉक्टर यायला वेळ लागणार असतो, म्हणून घरचाच कोणी तरी बाह्या सारतो आणि हात कोपरापर्यंत आत घालतो. वासरू ओढून निघतं, त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला जातो, श्वास घेत नसेल तर कोणी तोंडानेही फुंकतं. वार अडकली असेल तर सकाळी ती ओढून काढायची. बोटाला विळ्याचा ओला काप असतो, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. हौदाच्या पाण्यात हात खळबळला की त्याच हाताने डोळ्यावरचा घाम पुसला जातो. गाभडलेल्या जनावराच्या वारेत आणि स्रावात या जंतूची संख्या प्रचंड असते, आणि आत शिरायला त्याला एवढा काप किंवा डोळ्याची कड पुरते. गोठा झाडताना उडणाऱ्या धुळीतून, श्वासावाटेही तो जातो. दूध उकळून यातलं काहीच टळत नाही. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्याला साधा चष्मा आणि नंतर साबण, एवढं पाळलं तरी धोका पुष्कळ खाली येतो.

डॉक्टरांना नेमकं काय सांगू?

घरी गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या आहेत का. गेल्या वर्षभरात एखादी गाभडली का, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर. वार अडकली होती का आणि ती कोणी काढली. नवीन जनावर बाजारातून आणलं का. कच्चं दूध किंवा कच्चा चीक कोणी घेतो का. घरात आणखी कोणाला असाच ताप आहे का. कालवडींना लस देताना सुई स्वतःला टोचली का. पशुवैद्यकीय कामात असलेल्यांनी हे शेवटचं विसरू नये, कारण त्या लसीत जिवंत जंतू असतो.

गर्दीच्या ओपीडीत हे विचारायला डॉक्टरांना वेळ मिळत नाही. म्हणून विचारण्याची वाट न बघता आपणच सांगायचं. शेवटी सरळ म्हणा, ‘साहेब, ब्रुसेलाची तपासणी करून बघायची का?’ कोणताही जाणता डॉक्टर याचा राग मानणार नाही.

कोणत्या चाचण्या करतात?

पहिली रोझ बंगाल. पांढऱ्या चकचकीत पट्टीवर रुग्णाच्या रक्तद्रवाचा (सीरमचा) एक थेंब, शेजारी तेवढाच गुलाबी अँटिजेनचा थेंब. दोन्ही काडीने मिसळायचे आणि पट्टी हातात धरून चार मिनिटं हलकेच डोलवायची. निगेटिव्ह असेल तर थेंब सायीसारखा एकजीव गुलाबीच राहतो. पॉझिटिव्ह असेल तर त्यात बारीक कण धरू लागतात, कडेला गुलाबी दाणे जमतात आणि मधला भाग निवळतो. यंत्र लागत नाही, साधन स्वस्त आहे. तरी लहान गावांत ही चाचणी सहज मिळत नाही. ती मागितलीच जात नाही म्हणून कोणी ठेवत नाही, आणि ठेवत नाही म्हणून मागितली जात नाही.

रोझ बंगाल पॉझिटिव्ह आली की दुसरी चाचणी, नळीतली, एसएटी. तिच्यात रक्तद्रव पातळ करत नेतात. १:१६० किंवा त्याहून वर आलं, म्हणजे १६० पट पातळ करूनही गुठळी दिसली, आणि लक्षणंही जुळत असली, तर ते आजाराच्या बाजूने धरतात. आयजीएम आणि आयजीजी या दोन प्रकारच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) एलायझा चाचणीही करतात. जुनाट आजारात आयजीएम नसून फक्त आयजीजी असू शकतं, म्हणून एकट्या आयजीएमवर थांबू नये.

खरी खात्री रक्ताच्या कल्चरने, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघण्याने, होते. जंतू सापडला की प्रश्नच मिटला. पण तो सावकाश वाढतो आणि जुन्या आजारात बरेचदा सापडतच नाही. अस्थिमज्जेच्या कल्चरमध्ये सापडण्याची शक्यता जास्त असते. कल्चरचं रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलं गेलं पाहिजे. आणि एक विनंती: कल्चर पाठवताना चिठ्ठीवर ‘ब्रुसेलाचा संशय’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हा जंतू फार सहज लागतो. आधी कळलं तर बाटली बंद सुरक्षित कपाटात उघडता येते आणि वाढीसाठी जास्त दिवसही ठेवता येते.

रोझ बंगाल निगेटिव्ह आली. म्हणजे ब्रुसेला नाही ना?

बहुधा नाही, पण एक अपवाद या चाचणीचा आहे आणि एक नळीच्या चाचणीचा. आजार अगदी नवा असेल तर प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून संशय दाट असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. आणि नळीच्या चाचणीत प्रतिपिंडं फारच जास्त असली तर सुरुवातीच्या नळ्यांत गुठळीच दिसत नाही. पुढे पातळ करत गेलं की दिसते. म्हणून दोन-तीन नळ्यांवर थांबणारा रिपोर्ट पुरेसा नाही.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो. चाचणी पॉझिटिव्ह आहे, त्रास काहीच नाही. औषध घ्यायचं का?

केवळ आकड्यासाठी सहसा नाही. वर्षानुवर्षं जनावरांत वावरणाऱ्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं असू शकतात. लक्षणं नसतील तर डॉक्टर लक्ष ठेवतात आणि गरज वाटली तर चाचणी पुन्हा करतात. हाच नियम उलटही लागू आहे: आकडा कमी आहे पण ताप, कंबरदुखी, सुजलेलं वृषण सगळं आहे, तर आकड्याकडे बघून सोडून द्यायचं नाही.

एमआरआयमध्ये मणक्याला इन्फेक्शन दिसलं आणि टीबीची औषधं सुरू करायची म्हणतात. ब्रुसेला असू शकतो का?

असू शकतो. या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त भांडावं असं मला वाटतं.

दोन्ही आजार मणके धरतात, दोन्हींत बारीक ताप, घाम आणि वजन उतरणं असतं. ब्रुसेलाला कमरेचे खालचे मणके जास्त आवडतात, टीबी बहुतेकदा त्याच्या वर दिसतो आणि मणका जास्त खचवतो. पण फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (पेशींची बारीक गाठ) दिसला तरी तो दोन्हींत असतो. म्हणून जिथे शक्य असेल तिथे सुईने नमुना घेऊन त्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी) चाचणी, टीबीचं कल्चर आणि साधं कल्चर, तिन्ही करायला सांगा. ट्रूनॅट गोव्याच्या कंपनीने बनवलेली आहे आणि सरकारी टीबी केंद्रांत टीबीची ही तपासणी मोफत होते. सोबत रोझ बंगालसाठी थेंबभर रक्तद्रव लागतो, तो देऊन टाका.

यात इतकं अडून बसायचं कारण औषधांत आहे. ब्रुसेलावर वापरतात त्या रिफॅम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही दोन्ही टीबीचीही औषधं आहेत. टीबी असताना फक्त ब्रुसेलाचा कोर्स दिला तर टीबी अर्धवट दबतो आणि त्या औषधांना न जुमानणारा होऊन परत येऊ शकतो. उलट, ब्रुसेला असताना टीबीची औषधं दिली तर रिफॅम्पिसिनमुळे सुरुवातीला बरं वाटतं, ‘बघा, टीबीच होता’ असा समज होतो, आणि खरा आजार तसाच राहतो.

उपचार किती दिवस चालतात?

कमीत कमी ६ आठवडे, आणि दोन औषधं एकत्र. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि जोडीला रिफॅम्पिसिन रोज, ही एक पद्धत. दुसरी म्हणजे डॉक्सिसायक्लिनचे ६ आठवडे आणि सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनची इंजेक्शनं. मणका, हृदय किंवा मेंदूत आजार असेल तर कित्येक महिने. डोस तुमचं वजन, मूत्रपिंड आणि वय बघून डॉक्टरच ठरवणार.

डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर भांडंभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेत जळजळते. उन्हात कातडी भाजते, शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनी मात्र डॉक्टरांना नक्की सांगावं, कारण रिफॅम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम उतरतो.

दोन आठवड्यांत बरं वाटायला लागतं आणि इथेच कोर्स सुटतो. पूर्ण कोर्स करूनही काही जणांत आजार उलटतो, बहुतेकदा पहिल्या वर्षात. अर्धवट सोडणाऱ्यांचं तर विचारूच नका.

औषध संपून तीन महिने झाले. ताप नाही, पण थकवा आहे.

आधी आजार उलटला नाही ना ते बघायचं: ताप, घाम, वजन, नवं दुखणं, गरज पडली तर पुन्हा कल्चर. नुसती आयजीजी किंवा एसएटी पॉझिटिव्ह राहिली म्हणून घाबरू नका, ती बराच काळ तशी राहते. यातलं काही नसेल, तर संसर्ग गेल्यावरही काही जणांचा थकवा महिनोन्‌महिने रेंगाळतो हे डॉक्टरांना ठाऊक असतं. जोर लावून काम केलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तच गळून गेलात, असं होत असेल तर काम टप्प्याटप्प्याने वाढवा. अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स हा त्यावरचा इलाज नाही. घरच्यांनी आळशी म्हणू नये, एवढं मला कळकळीने सांगायचं आहे.

घरातल्यांना माझ्यापासून होईल का?

एका माणसापासून दुसऱ्याला होणं फार दुर्मिळ. ताटवाटी वेगळी करायची गरज नाही. पण सगळे एकाच गोठ्यातलं दूध पितात आणि तिथेच राबतात, म्हणून लक्षणं असलेल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या. घरात गरोदर बाई असेल तर तिला गाभडलेल्या जनावराजवळ जाऊ देऊ नका. हा संसर्ग झाला तर गर्भपाताचा धोका असतो, आणि तिच्यासाठी औषधंही वेगळी निवडावी लागतात. आठ वर्षांखालच्या मुलांनाही डॉक्सिसायक्लिनऐवजी सहसा दुसरं औषध देतात.

गोठ्यातल्या जनावरांचं काय करायचं?

पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि रक्ताचे नमुने द्या. बाधित जनावर औषधाने भरवशाने बरं होत नाही. ते वेगळं बांधा, त्याचं दूध उकळल्याशिवाय वापरू नका. गुपचूप बाजारात विकलं तर आजार दुसऱ्याच्या घरी जातो, तिथेही लहान मुलं असतात. पडलेली गाभ आणि वार उकिरड्यावर टाकू नका, कुत्री ती गावभर ओढत नेतात. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आयुष्यात एकदा लस टोचतात. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारतर्फे मिळते. गाभण जनावरांना आणि नरांना ती देत नाहीत.

खरवस, दही, ताक, लोणी चालतं का?

नीट शिजलेला खरवस चालतो, कच्चा चीक नाही. दूध उकळून विरजलेलं दही आणि त्याचं ताक, लोणी चालतं. कच्च्या दुधाची साय साठवून केलेलं लोणी नको.

ताबडतोब मोठ्या दवाखान्यात कधी जायचं?

पायातली शक्ती जाणं किंवा बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, बोलण्यात गोंधळ, असह्य डोकेदुखी, नव्याने लागलेली धाप, पायावर सूज. हृदयाच्या झडपेचा जुना आजार असलेल्याला ताप आला तर तोही याच यादीत. ब्रुसेलाने माणूस क्वचित दगावतो, पण दगावतो तेव्हा बहुतेकदा हृदयामुळे.

तपासणीला उपाशी यायचं का?

या चाचण्यांसाठी गरज नाही. गेल्या महिन्याभरात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं मात्र, रिकामी असली तरी, पिशवीत घालून आणा.